नव्या मास्तरांचें स्वागत

१८८५ सालच्या जानेवारी महिन्यांत पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें एक नवे मास्तर कामावर रुजू झाले. वयाला पुरतीं एकोणीस वर्षेंहि झालेलीं नव्हतीं. पुढल्या बांकांवर बसलेल्या कांहीं विद्यार्थ्यांहून ते फार तर दोन-तीन वर्षांनीं मोठे असतील. पगार दरमहा ३५ रुपये. स्वभाव भिडस्त. घरच्यांची अपेक्षा अशी कीं, मुलगा बी. ए. झाला आहे, तर आतां त्यानें एखादी भक्कम सरकारी जागा पाहावी, नाहीं तर वकील तरी व्हावें. आणि या अपेक्षेंत गैर असें कांहींच नव्हतें. कारण या मुलाच्या शिक्षणासाठीं थोरल्या भावानें स्वतःचें शिक्षण अर्ध्यावर टाकून पंधरा रुपयांची नोकरी धरली होती, आणि त्या पंधरांतले आठ रुपये तो धाकट्यास पाठवीत असे. वहिनीनें अंगावरचे दागिने विकण्याची तयारी दाखविली होती. एवढें ओझें मनावर घेऊन वर्गांत शिरलेल्या या तरुणाचें नांव गोपाळ कृष्ण गोखले.

वर्गावरचा पहिला तास ही गोष्ट मोठी विलक्षण असते. पदवीचा कागद तेथें उपयोगीं पडत नाहीं. नव्या मास्तराचें पाणी किती खोल आहे हें मुलें पहिल्या दहा मिनिटांतच जोखून पाहतात. टोपण नांवहि बहुधा मधल्या सुटीच्या आंतच ठरतें. अशा वेळीं त्या मास्तराच्या पाठीशीं कोण उभें असतें, जुनी मंडळी त्याला जवळ घेतात कीं दारांत उभा ठेवतात, यावर तो शिक्षक म्हणून टिकणार कीं पहिली बरी नोकरी मिळतांच निघून जाणार हें पुष्कळ अंशीं ठरून जातें. गोखले टिकले. ते कां टिकले हें समजण्यासाठीं त्या शाळेच्या आरंभाकडे, म्हणजे पांच वर्षें मागें जावें लागतें.

त्या काळीं इंग्रजी शाळेंतील शिक्षक म्हणजे बहुधा सरकारी नोकर. त्याची नेमणूक वरून होई, बदली वरून होई, आणि शाळा कशी चालावी याविषयीं त्याचें मत कोणी विचारीत नसे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं हा अनुभव पुरेपूर घेतला होता. ‘निबंधमाले’चा हा कर्ता सरकारी हायस्कुलांत शिक्षक होता, आणि त्याची बदली पुण्याहून रत्नागिरीस झाली होती. १८७९ सालीं त्यांनीं ती नोकरी सोडली आणि पुण्यास स्वतःची शाळा काढण्याचें ठरविलें. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजांतील दोन मित्र, बळवंतराव टिळक व गोपाळराव आगरकर, हेहि सरकारी नोकरी न करतां शिक्षणाचें काम करावयाचें असें ठरवून बसले होते. दोघेहि तेवीस वर्षांचे. विष्णुशास्त्री एकोणतिसांचे. २ जानेवारी १८८० रोजीं शाळा सुरू झाली. आगरकरांचा एम. ए. चा अभ्यास राहिला होता. तो पुरा करून ते पुढच्या वर्षीं येऊन मिळाले. माधवराव नामजोशी आले, आणि त्याच वर्षीं वामन शिवराम आपटे आले.

या मंडळींत वर्गाचा मुरलेला अनुभव असलेले एकटे विष्णुशास्त्रीच. बाकी सर्व नवखे. म्हणजे या शाळेंत नव्या शिक्षकाचें स्वागत करणारेहि नवेच होते, आणि ही गोष्ट पुढें हिताची ठरली. ‘आम्हीं पंचवीस वर्षें घासलीं आहेत, तुम्हीहि घासा’ असें म्हणणारा तेथें कोणी नव्हता. कामाची वांटणी ज्येष्ठतेवर न होतां कुवतीवर झाली. आपटे टिळकांहून वयानें लहान, आणि मागाहून आलेले. तरी शाळेचे सुपरिटेंडेंट झाले ते आपटे. शिस्त, वेळापत्रक, हजेरी हीं कामें त्यांच्या हातीं शोभतात असें सर्वांस दिसलें, आणि सर्वांनीं तें मान्य केलें. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश पुढें देशोदेशींच्या अभ्यासकांच्या टेबलावर गेला, ते हे आपटे. दिवसा शाळेचा कारभार पाहावा आणि उरल्या वेळांत कोशाचीं पानें लिहावीं, हा त्यांचा क्रम कित्येक वर्षें चालला.

पैशाची बाब मात्र उघडी होती. आरंभींचें वेतन तीस-चाळीस रुपयांच्या घरांत. त्याच विद्वत्तेवर सरकारी खात्यांत याच्या दुपटीतिपटीनें मिळूं शकलें असतें. तरी शाळा झपाट्यानें वाढली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस ३३६ मुलें होतीं. चार-पांच वर्षांत ही संख्या हजाराच्या घरांत गेली. मध्यंतरीं १८८२ च्या मार्च महिन्यांत विष्णुशास्त्री अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारले. त्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांस १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. एका वर्षांत तीन खांब हलले. आपटे व इतर सहकारी यांनीं वर्ग बंद पडूं दिले नाहींत. या प्रसंगानें एक गोष्ट मंडळींच्या ध्यानांत आली असली पाहिजे : शाळा चार माणसांच्या उत्साहावर उभी राहते खरी, पण चालूं राहावयाची तर तिला सतत नवीं माणसें मिळालीं पाहिजेत, आणि आलेलीं माणसें टिकलीं पाहिजेत.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज निघालें. सोसायटीचे पहिले आजीव सभासद सात : टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी, वासुदेवराव केळकर, गोळे व धारप. आजीव सभासद हा शब्द आज सरावानें गुळगुळीत झाला आहे. त्या वेळीं तो नवा होता आणि त्याच्या पोटांत चार कलमें होतीं. नव्या माणसानें वीस वर्षें संस्थेस द्यावयाचीं. वेतन सर्वांस सारखें. जुन्यास अधिक व नव्यास कमी असा भेद नाहीं. पुढें हें वेतन ७५ रुपयांवर स्थिरावलें. कारभार आजीव सभासदांच्या मंडळानें चालवावयाचा, आणि त्यांत काल आलेल्याचेंहि मत एक व संस्थापकाचेंहि मत एकच. आणि चवथें, प्रत्येकाचा तीन हजार रुपयांचा आयुष्याचा विमा.

हें विम्याचें कलम वाचतांना आज कोणास तें रुक्ष वाटेल. पण ज्या मंडळींनीं विष्णुशास्त्र्यांस एकतिसाव्या वर्षीं पोहोंचविलें, त्यांनीं तें लिहिलें आहे हें विसरूं नये. नव्या शिक्षकास तिनें सांगितलें तें असें : तुला श्रीमंत करणें आम्हांस शक्य नाहीं, परंतु तूं मध्येंच गेलास तर तुझीं बायकामुलें उघड्यावर पडणार नाहींत. आणि हें बोलणें व्यर्थ गेलें नाहीं. आपटे १८९२ सालीं गेले, वय ३४. केळकर १८९५ सालीं गेले. त्याच वर्षींच्या जून महिन्यांत आगरकर गेले, वय ३८. आगरकरांनीं आपल्या अंत्यविधीपुरते पैसे पुडींत बांधून ठेवले होते असें सांगतात.

गोखले जानेवारी १८८५ मध्यें आले ते आजीव सभासद म्हणून नव्हे, साधे साहाय्यक शिक्षक म्हणून. ही रीत चांगली होती. वीस वर्षांची शपथ पहिल्या दिवशीं घेण्यांत शहाणपण नसतें. माणसानें शाळा पाहावी, शाळेनें माणूस पाहावा, मग गांठ बांधावी. गोखल्यांचें मन त्या वेळीं दोन्हीकडे ओढलें जात होतें. कायद्याच्या परीक्षेचा अभ्यास चालू होता. घरखर्चास जोड म्हणून सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांस ते शिकवीतहि असत. परंतु रोज ज्या मंडळींत उठणें-बसणें होतें, ती मंडळी टिळक-आगरकरांची. शिक्षकांच्या खोलींत जें ऐकूं येई, तें कोणत्याहि लॉ क्लासांत ऐकूं येण्यासारखें नव्हतें. थोरल्या भावाची समजूत घालणें सोपें गेलें नसेल. पण १८८६ सालीं गोखले आजीव सभासद झाले. वय वीस.

नव्या माणसास जुन्यानें आधार कसा द्यावा याचें एक लहानसें उदाहरण येथें नोंदण्यासारखें आहे. गोखले व त्यांचे सहकारी ना. ज. बापट यांनीं मुलांसाठीं अंकगणिताचीं उदाहरणें जमविलीं होतीं. हें बाड टिळकांच्या पाहण्यांत आलें. गणित हा टिळकांचा हातखंडा विषय. ते फळ्याकडे क्वचितच वळत आणि उदाहरणें तोंडीं सोडवीत, असें त्यांचे विद्यार्थी सांगत. अशा माणसानें नवख्याचें बाड चाळून बाजूस सारलें असतें तर नवल नव्हतें. पण टिळकांनीं तें पसंत केलें आणि त्याचें पुस्तक करण्यास गोखल्यांस उत्तेजन दिलें. तें पुस्तक ‘गोखल्यांचें अंकगणित’ म्हणून हिंदुस्थानभर शाळांत चाललें आणि त्याच्या उत्पन्नानें गोखल्यांच्या संसारास जन्मभर टेकू दिला. पुढें या दोन पुरुषांचीं तोंडें राजकारणांत दोन दिशांस झालीं; म्हणून ही हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं.

कॉलेजांत इंग्रजी शिकवितांना गोखल्यांकडे साउदीनें लिहिलेलें नेल्सनचें चरित्र आलें. कोंकणांत जन्मलेला, कोल्हापुरास वाढलेला हा तरुण; शिडें, डोलकाठ्या, दोरखंड यांचे इंग्रजी शब्द त्यास कोठून येणार? त्यानें ते शोधून काढण्यासाठीं पुष्कळ यातायात केली. शब्दकोशावर भागवून नेणारा शिक्षक मुलें ओळखतात, आणि न भागविणाराहि ओळखतात.

येथपर्यंतची कथा गोड आहे. परंतु हेंच समान वेतन आणि समान मत पुढें भांडणाचें मूळ झालें, आणि त्या भांडणाचें निमित्त झाला तो सर्वांत नव्यांपैकीं एक सभासद, म्हणजे गोखलेच. टिळकांचा आग्रह असा कीं, आजीव सभासदानें आपला सर्व वेळ व सर्व शक्ति संस्थेस द्यावी. बाहेरचें काम नको, बाहेरची मिळकत नको. जेसुइट पाद्र्यांचा त्याग त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दुसऱ्या बाजूचें म्हणणें, पाऊणशें रुपयांत कुटुंब चालवावयाचें तर फावल्या वेळीं माणसानें काय करावें हें संस्थेनें विचारूं नये. आगरकर गरिबींतून वर आलेले. त्यांच्या घरीं महिनाअखेर कशी असे हें त्यांनाच ठाऊक. टिळकांस वडिलार्जित थोडाफार आधार होता. एकच नियम दोन घरांत सारखा पडत नाहीं. त्यांत सामाजिक सुधारणेचा वाद मिसळला. आगरकरांनीं ‘केसरी’ सोडून १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला, आणि गोखले त्याची इंग्रजी बाजू पाहूं लागले. १८९० सालीं गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद घेतलें, तेव्हां टिळकांच्या मतें मर्यादा ओलांडली गेली. ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें आणि लॉ क्लास चालविणाऱ्यानें हें बोलावें का, असें प्रतिपक्षानें विचारलें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत टिळकांनीं विस्तृत कारणें लिहून राजीनामा दिला.

दोष कोणाचा हा निवाडा पुण्यानें शंभर वेळां केला आहे आणि तो एकदांहि एकमतानें झालेला नाहीं. शाळेच्या दृष्टीनें पाहतां एवढें म्हणावेंसें वाटतें कीं, टिळकांचा नियम उंच होता, पण तो नव्या माणसावर लादतांना त्याच्या घरची चूल पाहावयास हवी होती. आणि गोखल्यांचें कार्य मोठें होतें, पण चोवीस वर्षांच्या सभासदानें संस्थेंतील वडील मंडळींचें मन आधीं वळविलें असतें तर बरें झालें असतें.

टिळक गेले आणि गणिताची जागा रिकामी पडली. कांहीं काळ गोखल्यांनींच तो विषय सांभाळला. मग त्यांनीं मुंबईस एक पत्र लिहिलें. तें पत्र एल्फिन्स्टन कॉलेजांतील आपल्या जुन्या सोबत्यास, धोंडो केशव कर्वे यांस होतें. कर्वे त्या वेळीं तेहतीस वर्षांचे. मुंबईंत तीन-तीन शाळांत तास घेऊन आणि शिकवण्या करून ते पोट भरीत. १८९१ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या होत्या. लहान मुलगा पदरीं होता. आणि बोलावणें होतें तें टिळकांच्या जागीं गणित शिकविण्याचें! आपली बुद्धि बेताची, आपलें इंग्रजी साधारण, असा कर्व्यांचा स्वतःविषयीं समज. त्यांनीं मनाशीं पुष्कळ घोळ घातला. अखेर होकार दिला. नोव्हेंबरांत ते पुण्यास आले आणि पुढच्या वर्षीं आजीव सभासद झाले.

येथें गोखल्यांचें कौतुक केलें पाहिजे. सहा वर्षांपूर्वीं ज्याला जुन्या मंडळींनीं आधार दिला, तो आतां स्वतः दार उघडून उभा होता. मित्राच्या अंगीं वक्तृत्व नाहीं, दिपवून टाकणारी विद्वत्ता नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें. त्यांनीं पाहिलें तें हें कीं, हा माणूस घेतलेलें काम टाकीत नाहीं. नव्या शिक्षकाची पारख करतांना ही एक गोष्ट पहिल्या तासाला दिसत नाहीं, आणि पुष्कळदां तेवढीच उपयोगीं पडते.

खरी कसोटी मात्र वर्गाबाहेर लागली. ११ मार्च १८९३ रोजीं कर्व्यांनीं पुनर्विवाह केला. वधू गोदूबाई, त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील विद्यार्थिनी. पुढें त्या आनंदीबाई अथवा बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. विवाहानंतर कर्वे मुरुडास गेले तेव्हां गांवानें त्यांस वाळींत टाकलें. त्यांस घरांत घेतील त्यांसहि वाळीत टाकण्याचा निर्बंध झाला. आई जवळ असून तिच्या घरीं राहतां येईना. अशा वेळीं ज्या संस्थेंत येऊन माणसास दीड वर्षहि झालें नाहीं, ती संस्था काय करील? सोसायटीच्या शाळा-कॉलेजांत मुलें धाडणारीं घरें बहुतेक सनातनी होतीं. देणगी देणारेहि तसेच. तरी कर्व्यांची जागा हलली नाहीं. त्या वेळीं आगरकर प्रिन्सिपल होते हें त्यांचें भाग्य म्हणावें लागेल. पण एकट्या आगरकरांचें हें श्रेय नव्हे. ज्या मंडळांत नव्याजुन्यांचें मत सारखें मोजलें जाई, त्या मंडळांत एका सभासदास घरगुती कारणासाठीं बाहेर काढणें सोपें नव्हतें. समानतेनें टिळक व गोखले यांच्यांत तेढ पाडली असेल. त्याच समानतेनें कर्व्यांस सांवली दिली.

ही सांवली सर्वांवर पडत नव्हती हेंहि सांगितलें पाहिजे. आजीव सभासदांखेरीज जे साहाय्यक शिक्षक शाळेंत राबत, ते पगारी नोकरच राहिले. त्यांस मंडळांत मत नव्हतें. ज्यांचीं नांवें वर आलीं तीं सर्व पुण्या-कोंकणाकडच्या ब्राह्मण पदवीधरांचीं आहेत, ही गोष्टहि नजरेआड करण्याजोगी नाहीं. खेड्यांतील बहुजनसमाजाच्या मुलास शिक्षण आणि पुढें शिक्षकाची जागा मिळवून देणारें काम रयत शिक्षण संस्थेनें १९१९ नंतर हातीं घेतलें, तेव्हां आजीव सेवकाची कल्पना तिनेंहि आपल्या परीनें स्वीकारली. खुद्द कर्व्यांनीं विधवांचा आश्रम १८९६ सालीं काढला, पुढें तो हिंगण्यास नेला, आणि १९०८ सालीं तेथील कार्यकर्त्यांसाठीं निष्काम कर्ममठ स्थापिला. त्याच्या नियमांत सोसायटीच्या शिस्तीचा वास येतो. आनंदीबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले या तेथें प्रौढ वयांत धुळाक्षरें गिरवून पुढें शिकविणाऱ्या झाल्या, वर्गणी गोळा करीत गांवोगांव हिंडल्या आणि थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. परंतु ती निराळी व मोठी कथा आहे.

कर्व्यांच्या पुण्यांतील घरीं कोंकणांतला, त्यांच्याच नात्यांतला एक हुषार मुलगा राहून शिकत होता, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन तो केंब्रिजला गेला आणि १८९९ सालीं सीनियर रँग्लर झाला. सरकारी शिक्षणखात्याचे दरवाजे अशा माणसास सताड उघडे होते. त्यानें सोसायटीस शब्द दिला होता, तो पाळला. १९०२ सालीं गोळ्यांच्या मागून परांजपे प्रिन्सिपल झाले तेव्हां त्यांचें वय सव्वीस होतें. वेतन इतर सभासदांइतकेंच. केसांत रुपें चढलेल्या प्राध्यापकांनीं या पोरसवद्या प्रिन्सिपलास वेळापत्रक दाखवून त्याची सही घ्यावयाची! आपट्यांच्या वेळीं जें घडलें तेंच पुन्हां घडलें, आणि कॉलेज चाललें.

त्या प्राध्यापकांतच कर्वे होते. ज्यास त्यांनीं घरीं वाढविलें आणि वर्गांत गणित शिकविलें, त्याच्या हाताखालीं त्यांनीं बारा वर्षें काम केलें. सकाळीं कॉलेजांत तास घ्यावे, संध्याकाळीं आश्रमास लागणारें सामान घेऊन हिंगण्याची वाट पायीं तुडवावी, असा त्यांचा नेम चालूच होता. १९१४ सालीं ते निवृत्त झाले तेव्हांहि प्रिन्सिपलच्या खुर्चीवर परांजपेच होते.